मधल्या विहिरीचं गाव

१

ज्यानं कुणी हे केलं, त्याला लाज वाटायला हवी होती. दुसऱ्यानं जीव ओतून वसवलेल्या गावात गुपचूप शिरायचं, नांदती घरं उचलून ओढ्यापलीकडं नेऊन ठेवायची, आणि वर नामानिराळं राहायचं. समोर येऊन भांडायची धमक नसलेल्यांची ही जुनीच रीत. सुगत कामावरनं आला होता, एक बूट काढून झाला होता, दुसरा पायातच होता, आणि तो तसाच लॅपटॉपसमोर उकिडवा बसून राहिला.

सकाळी तो गेला तेव्हा गाव गोल होतं. मधे विहीर, विहिरीभोवती घरं, घरांतनं वाटा. आता पूर्वेला, ओढ्याच्या पल्याड, घरांची एक वेगळीच ओळ उभी होती. ओळ आणि गाव यांच्यामधे मोकळी जागा होती. गावातली पोरं खेळत खेळत त्या जागेपर्यंत येत आणि कुणी हाक मारल्यासारखी माघारी वळत.

सुगत उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत कॉम्प्युटरवर पंपांची ड्रॉइंगं करायचा. पोटासाठी ते. जिवासाठी हा खेळ होता. तो आणि त्याची थोरली बहीण रचना, दोघं मिळून तो बनवत होते. गाव सुगतनं बांधायचं, गावात जे घडेल ते आक्कानं शब्दांत लिहायचं, कारण ती कॉलेजात मराठी शिकवत होती आणि तिला वाक्य जमायचं. खेळाची सुरुवात ओसाड माळावर व्हायची. माळावर एक विहीर, बाकी काही नाही. मग लांबून कुणीतरी चालत यायचं, आणि पडद्यावर आक्काच्या दोन ओळी उमटायच्या: कुणी आलंय, दमलेलं आहे, काय करूया? खाली तीन पर्याय. खेळणाऱ्यानं एक निवडायचा. जे निवडलं ते गाव विसरायचं नाही. पाणी दिलेला माणूस पुढं कधीतरी भिंत बांधायला यायचा.

फाउंड्रीतले मित्र विचारायचे, ह्यात मारामारी न्हाय, शर्यत न्हाय, मग मजा कशात रं? सुगत चिडून सांगायचा, मजा ह्यातच की काही जिंकायचं नाही. पहिल्या घरात दिवा लागतो, दुसऱ्यात लागतो, आणि आपल्याला उगाच वाटतं की जगात एक तरी जागा आपण नीट केली. आपण चार नियम लावायचे, मग हात मागं घ्यायचा, आणि माणसांनी आपल्याला चकित करायचं. म्हणूनच तो खेळ चालू ठेवून कामाला जायचा. संध्याकाळी येऊन आपल्यामागं गावात काय काय झालं ते बघायचं, याच्याइतकं सुख त्याला दुसरं नव्हतं.

एक नियम त्यानं सगळ्यात आधी लावला होता. ह्या गावात माणसाला आडनाव नाही. चेहरा आहे, स्वभाव आहे, हातात एखादं काम आहे, पण तो कुणाचा हे कुणी विचारत नाही. विहीर मधोमध आणि घर जिथं मन रमेल तिथं.

एवढ्या नियमांवर ती ओळ येणार कुठनं?

२

त्यानं दुसरा बूट काढला आणि डोकं शांत ठेवून विचार केला. भुतंखेतं मानायला तो काही खुळा नव्हता. खेळात काही बिघडलं तर चूक नियमात असते, आणि नियम त्यानंच लिहिले होते.

चूक सापडलीही. चुलींचा धूर. घरांतनं धूर निघायचा, वाऱ्याबरोबर जायचा, आणि धुराच्या वाटेत राहायला कुणाला आवडायचं नाही, असं त्यानंच कधीतरी हौसेनं घातलं होतं. वारा कुठल्या दिशेचा हे ठरवताना त्यानं विचारसुद्धा केला नव्हता. बेळगावातल्या कुणीही घातला असता तोच घातला होता, पश्चिमेचा, घाटाकडनं येणारा. मग धूर पूर्वेला जाणार. ज्यांचं चालतं ते पश्चिमेला सरकणार, आणि ज्यांचं चालत नाही ते पूर्वेला उरणार. सरळ हिशेब होता. त्याला इतकं हलकं वाटलं की तो स्वतःशीच हसला. त्यानं वारा उलटा केला आणि दुसऱ्या दिवशी कामावर निघून गेला.

संध्याकाळी ओळ पश्चिमेला होती.

तीच घरं. तीच माणसं, कारण चेहरे त्यानंच काढले होते आणि त्याला एकेक पाठ होता. हिरव्या लुगड्यातली बाई, कानाला फडकं बांधलेला सुतार, आणि एक म्हातारा. म्हाताऱ्याच्या हातात काठी होती. सुगतला आठवेना, आपण काठी कधी काढली.

मग त्यानं धूर काढून टाकला. वाराही काढून टाकला. गवत हलायचं थांबलं, गाव चित्रासारखं स्तब्ध झालं, फक्त माणसं तेवढी चालत राहिली. आता कुणाला कुठं ढकलायला कारणच उरलं नव्हतं.

पुढच्या संध्याकाळी त्यानं दार उघडलं, बूट काढले, हातपाय धुतले. मुद्दाम उशीर केला. मग पडदा उघडला. ओळ पुन्हा पूर्वेला, ओढ्यापल्याड, पहिल्या दिवशी होती तिथंच. खेळात वारा नव्हता. पण खरा वारा कुठनं येतो हे त्या गावाला ठाऊक असल्यासारखं होतं.

खिडकीतनं घाटाकडचा गार झोत आला. सुगतनं उठून खिडकी लावून घेतली.

३

हे सगळं त्याला हा आठवडा सोडून कधीही चाललं असतं. ह्याच आठवड्यात आप्पा येणार होते.

आप्पांचं, म्हणजे त्यांच्या वडलांचं, भीमाप्पांचं, सगळं आयुष्य निपाणीतल्या एका गल्लीत गेलं होतं. वीज खात्यात नोकरी केली, दोन्ही लेकरं शिकवली, आई गेली तेव्हाही तिथंच राहिले. गल्ली आपल्या माणसांची, पहिल्या घरापासनं शेवटच्या घरापर्यंत. आणि सुगतला तेच सलत होतं. किती पिढ्या एकाच गल्लीत दाटीवाटीनं राहायचं? दोन वर्षं त्यानं आप्पांचं डोकं खाल्लं होतं. शेवटी पिरनवाडीतला एक प्लॉट पसंत केला होता, नव्या लेआउटच्या अगदी मधोमध, पाण्याच्या टाकीशेजारी. निपाणीचं घर घ्यायला गिऱ्हाईक तयार होतं. आप्पा एवढंच म्हणाले होते, जागा एकदा डोळ्यांनी बघतो, मग शब्द देतो.

"गल्लीत मेलो तर चार माणसं पळत येतील," असं ते फोनवर म्हणाले होते.

"पिरनवाडीतबी येतील की, आप्पा."

"ते बघायला मी आसंन व्हय रं?"

आक्का कॉलेजातनं आली, पिशवी टाकली आणि सुगतनं तिला उभ्या उभ्याच विचारलं, खेळाला हात लावलास का? तिनं त्याच्याकडं बघितलं. "मला तुझं ते गणित कळतंय व्हय? मी वाक्यं उचलते, घरं न्हाय. घरातलं सिलिंडर मात्र मीच उचलते, कारण तुला गाव वसवायचं आसतंय."

तरी तिनं त्याच्या खांद्यावरनं वाकून बघितलं. ओळीतली हिरव्या लुगड्याची बाई मोकळी जागा ओलांडून विहिरीपाशी आली होती. ओळी उमटल्या: बाई पाण्याला आली आहे, ऊन डोक्यावर आहे. खाली तीन पर्याय, आक्कानंच लिहिलेले. पाणी द्या. बसायला सांगा. कुठून आलात ते विचारा.

सुगतनं पाणी द्या दाबलं.

इथं पुढं काय येतं हे दोघांनाही पाठ होतं. गावातली बाई पोहरा ओढते, आलेल्या बाईची घागर भरून देते, आणि दोघी काठावर बोलत बसतात. आक्काला ते वाक्य आवडायचं.

पडद्यावर आलं: ओंजळ धर म्हणाली. वरनं ओतलं.

खाली घरमालकीण मालुबाईंचे यंत्रमाग खडखडत होते. बेळगावातल्या ह्या विणकरांच्या वडगावात त्या आवाजाशिवाय दिवस नसतो, इतका की तो ऐकू येत नाही. पण त्या क्षणी सुगतला एकेक ठोका वेगळा ऐकू आला. त्यानं खेळाच्या आतलं लिखाण उघडून बघितलं. तिथं आक्काचं वाक्य जसंच्या तसं होतं, पोहरा, घागर, काठावर बसणं, सगळं. पडद्यावर ते नव्हतं.

"वाक्य चांगलं हाय," आक्का हळू म्हणाली. "कमी शब्दांत सगळं सांगतंय. म्हणून तर म्हणते, माझं न्हाय."

मग ती भाकरीला लागली. पीठ मळता मळता तिनं सांगितलं की आप्पा परत जाईपर्यंत हे बंद ठेव. सुगत म्हणाला, साधा खेळ आहे गं. ती म्हणाली, मग बंद ठेवायला काय जातंय?

पण बंद ठेवणं त्याला हरल्यासारखं वाटलं. आपण वसवलेल्या गावाला आपणच भ्यायचं?

४

आप्पा शनिवारी सकाळच्या बसनं आले, पिशवीत निपाणीच्या बाजारातनं घेतलेला गूळ आणि एक नवं कुलूप. नव्या घराला, असं म्हणाले, आणि जरा लाजले. ते कुलूप बघून सुगतला एवढा आनंद झाला की त्याचं त्यालाच नवल वाटलं. त्यानं सुट्टी घेतली होती. जेवणं झाली. प्लॉट दाखवणाऱ्या गुंडूचा फोन आला, कागदावर नाव-आडनाव नीट पडायला पाहिजे, काकांच्या आधार कार्डाचा फोटो धाडा. सुगतनं फोटो धाडला.

आप्पा आतल्या खोलीत लवंडले. आक्का भांडी घासत होती. सुगतनं बाहेरच्या खोलीत लॅपटॉप उघडला, आवाज बारीक केला. फक्त एकदा बघायचं होतं.

तेवढ्यात वीज गेली.

खालचे माग एकदम थांबले. वडगावात वीज गेली की जे होतं ते झालं, गल्लीच्या गल्ली श्वास रोखल्यासारखी गप्प झाली. लॅपटॉप बॅटरीवर चालू होता. आणि त्या शांततेत सुगतला कळलं की मागांच्या खडखडाटाखाली इतका वेळ आणखी एक आवाज चालू होता. जमिनीवर काठी आपटल्याचा. प्रत्येक आपटीमागं बारीक घुंगरं. ठक, छुन्न. थोडं थांबून, ठक, छुन्न. जरा जवळनं.

खेळात त्यांनी मोजकेच आवाज घातले होते. रहाटाचा, गुंजी गावातल्या मावशीच्या विहिरीवर जाऊन टिपलेला. पाखरांचा. पावलांचा. घुंगरं नव्हती.

खालनं मालुबाईंनी हाक दिली, "रचना, वर शेळ्या पाळल्यासा काय गं? जिन्यात लेंड्या पडल्या तर तूच लोटायच्यास बघ."

म्हणजे तो आवाज खालीही गेला होता. आक्का ओल्या हातांनी दारात आली. आणि तिच्यामागं आप्पा, झोपेतनं उठून, धोतराचा सोगा हातात.

"ह्यो आवाज कुठनं आणलास?"

खेळातला आहे, सुगत एवढंच म्हणाला.

"लोकांनी बाजूला व्हावं म्हणून आज्जा वाटंनं आपटत जायचा ती घुंगराची काठी मी जलमायच्या आधीच वेदगंगेत सोडलेली," आप्पा म्हणाले. "मी ती बघितली न्हाय. आवाजबी ऐकला न्हाय. पर आज्जा आमास्नी तोंडानं काढून दावायचा. आमी हसायचो. त्यो हसायचा न्हाय." त्यांनी जिभेनं टाळ्यावर एक आवाज काढला, हुबेहूब तोच, आणि लगेच तोंड मिटलं.

ते येऊन पडद्यासमोर बसले. गावात सकाळ होती. म्हातारा विहिरीपाशी उभा होता, अगदी जवळ नाही, चार हात लांब, पश्चिमेच्या बाजूला. काठी काखेत, दोन्ही हातांची ओंजळ पुढं. गावातली माणसं येत होती, पाणी भरून जात होती. कुणी त्याला हाकलत नव्हतं. कुणी बघतही नव्हतं.

"कवापासनं उभा हाय?"

सुगतला माहीत नव्हतं. खेळातला दिवस भरभर सरत होता. सूर्य वर आला, तसा म्हातारा जागचा हलला. एक पाऊल. मग आणखी एक. ओंजळ तशीच. माथ्यावर ऊन आलं तेव्हा तो विहिरीला वळसा घालत होता, सूर्य उतरू लागला तेव्हा पूर्वेला पोचला होता. सुगतला आधी वाटलं, चालीत काहीतरी अडकलंय. मग त्याला म्हाताऱ्याची सावली दिसली. खेळात सावली घरांना होती, झाडांना होती. माणसांना त्यानं दिलीच नव्हती, फार काम पडतं म्हणून. ह्या एकालाच होती. आणि दिवसभर, पावलापावलानं, म्हातारा एकच गोष्ट सांभाळत होता. सावली विहिरीवर पडू द्यायची नाही.

आप्पांनी खालचा ओठ दातांत धरला होता. ते म्हणाले, "कुणीतरी पाणी द्या रं त्याला."

सुगतनं दाबलं. पुन्हा दाबलं. आक्कानं पुढं होऊन स्वतःच्या ओल्या बोटानं दाबलं.

म्हातारा थांबला. मान वर केली, आणि विहिरीकडं नाही, गावाकडंही नाही, ज्यानं दाबलं त्याच्याकडं वळू लागला.

वीज आली. खालचे माग एका दमात सुरू झाले आणि सुगतनं लॅपटॉप थाडकन मिटला. म्हाताऱ्याचं तोंड आपल्याला दिसलं की नाही, हे त्याला पुढं कधीच नक्की सांगता आलं नाही. आप्पांना दिसलं असावं. कारण ते उठले, मोरीत गेले, तांब्याभर पाणी घेतलं, आणि प्यायचं सोडून ते हातात धरून कितीतरी वेळ तसेच उभे राहिले.

५

रविवारी दुपार कलल्यावर तिघं पिरनवाडीला गेले. सुगतनं वाटेत फार बडबड केली. रस्ते किती रुंद, शाळा किती जवळ, शेजारी सगळे शिकलेले. आक्का रिक्षाच्या बाहेर बघत होती. आप्पांनी कुलूप खिशात घेतलं होतं. खिसा एका बाजूला ओघळला होता.

लेआउट उघड्या माळावर होता. लाल मातीचे आखलेले रस्ते, नंबर घातलेले सिमेंटचे दगड रोवलेले, आणि सगळ्याच्या मधे पाण्याची टाकी, खाली नळ. टाकीशेजारच्या त्यांच्या प्लॉटवर चुन्याच्या ताज्या रेघा होत्या आणि कोपऱ्यात फोडलेला नारळ.

गुंडू मोटारसायकलीवरनं उतरला, आप्पांना वाकून नमस्कार केला. मोठा गोड माणूस. मधला प्लॉट विकला गेला, म्हणाला. काल संध्याकाळीच. पण काकांच्यासाठी त्यानं त्याहून चांगला बघून ठेवला होता, चला दावतो. बोट पूर्वेकडं गेलं. माळ संपतो तिथं एक नाला होता, नाल्यावर सिमेंटची नळी टाकून केलेली वाट, आणि पल्याड प्लॉटांची एकच ओळ. एका ठिकाणी पाया भरून झाला होता. मधे मोकळी जागा होती. बाग व्हायची हाय म्हणं, गुंडू म्हणाला.

सुगतनं विचारलं, शनिवारी फोटो धाडला तेव्हा मधला होता की नव्हता? गुंडूनं हसून सांगितलं, तेवढ्यातच मालकांचा फोन आला. आक्कानं विचारलं, त्या ओळीत बाकीचे कोण घेतायत? तुमच्यासारखेच, मॅडम. नोकरदार, चांगली माणसं.

सुगत भांडणारच होता. शब्द तोंडात आले होते, कायदा, तक्रार, सगळं. आधी आप्पांना घेऊन इथनं निघावं म्हणून तो वळला.

आप्पा टाकीपाशी होते. तहान लागली असावी, नळाकडं गेले होते. पण नळाला हात लावला नव्हता. ते चार हात लांब थबकले होते, आणि मग, कुणी काही न सांगता, आपलं आपल्यालाच न कळता, एकेक पाऊल टाकत टाकीला वळसा घालू लागले. ऊन मावळतीचं होतं. सावल्या लांब पडल्या होत्या. आप्पा पूर्वेच्या बाजूला जाऊन थांबले. त्यांची सावली टाकीपासनं लांब, नाल्याच्या दिशेनं पडली.

साठ वर्षांत सुगतच्या बापानं कुणासमोर मान खाली घातली नव्हती. तो धावत गेला आणि त्यांचा दंड धरला. "आप्पा, हिकडं या. ह्या बाजूला उभं ऱ्हावा."

"हितं बरं हाय," आप्पा म्हणाले. आवाज त्यांचा होता. हातांची ओंजळ झाली होती, छातीशी, रिकामी, आणि त्यांचं तिकडं लक्षच नव्हतं.

माळावर कुठंतरी, किंवा आप्पांच्या खिशातल्या कुलपाला किल्ली लागून, काहीतरी बारीक वाजलं.

गुंडू मागनं येऊन पोचला होता. त्यानं रुमालानं मान पुसली, पश्चिमेकडनं येणाऱ्या वाऱ्याला समाधानानं तोंड दिलं, आणि हात लांब करून पल्याडची ती ओळ दाखवली.

"लांब म्हणून नाराज होऊ नका, काका. वारं कायम मावळतीकडनंच येतंय हितं. तुमच्याकडनं कुणाकडं काय जायचं न्हाय. निवांत ऱ्हावा."